काखेतला भात

हे एकोणीसशे सत्तावन्न साल, आणि मी बासष्ट वर्षांचा आहे. जन्माची नोंद कोणी केलेली नाही, तेव्हा एक-दोन वर्षं इकडेतिकडे. पण शांतवन मास्तरांपेक्षा मोठा, एवढं नक्की. मोठा मागे राहिला आणि लहान पुढे गेला. धान कापणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी आमचे पाळक सायकलवरून आले. महिन्यातून एक रविवार ते आमच्या गावी प्रभुभोजन द्यायला येतात, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही. सायकल माझ्या कुंपणाला टेकवून ते म्हणाले, मास्तर चांद्याच्या दवाखान्यात वारले, मातीही तिथेच झाली. मी त्यांना पाणी दिलं. मग मनात आलं ते हे, की भुऱ्याला कोण सांगणार...

मास्तर नगरकडचे. शाळा चालवायला आणि आम्हा चार ख्रिस्ती घरांची प्रार्थना घ्यायला ते या जंगलात आले आणि इथलेच झाले. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, तीही चाळिशी उलटल्यावर. हे लिहितो आहे ते त्यांच्या मराठीत. त्यांनी ‘मला’ लिहायला शिकवलं म्हणून लिहितो. बोलताना मी अजून ‘मले’च म्हणतो आणि म्हणणार.

आमच्यात वाद एकच होता. मी बाप्तिस्मा घेतला तो मनापासून. पाण्यात बुडवणं म्हणजे धुणं, ते समजलं. पण प्रभुभोजनाच्या वेळी मी दाराशी बसायचो आणि हात पुढे करायचो नाही. पोळीच्या एवढ्याशा तुकड्यानं माणूस देवाचा कसा होतो? मास्तरांनी पुस्तकातून सांगितलं, फळ्यावर लिहून सांगितलं. मी म्हणायचो, जे समजलं नाही ते मी तोंडात घालत नाही. त्यावर ते म्हणायचे, तुम्हाला पचन तरी कुठे समजलं आहे, रोज जेवता ना? पण मी हललो नाही. यात माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. न समजता जेवणारे पुष्कळ पाहिले आहेत मी.

दोन वर्षांमागे माझी कुत्री व्याली. त्यातलं राखाडी पिल्लू मास्तरांनी नेलं आणि त्याचं नाव भुऱ्या ठेवलं. पण भुऱ्या काही तिकडे टिकेना. दिवस कलला की दोरी कुरतडून आईकडे माझ्या अंगणात. आमच्या दोन घरांमध्ये बांबूचं बन आहे, आणि त्या उन्हाळ्यात बिबट्यानं तिथून गावातली कुत्री उचलली होती. रूथबाई, म्हणजे मास्तरांच्या घरच्या, त्या पिल्लाला रोज दूध पाजायच्या. तरी दिवेलागणीला मास्तर कंदील घेऊन बनातून माझ्याकडे येत, पिल्लू उराशी धरून परत जात. ते तरी किती दिवस चालणार? एक दिवस बिबट्या आधी पोचणार, हे त्यांनाही दिसत होतं.

मी आमच्याकडची रीत सांगितली. भाताचा गोळा काखेत दाबायचा, दिवसभर कामात राहायचं, आणि घाम मुरलेला तो भात पिल्लाला चारायचा. मग ते धनी ओळखतं. मास्तरांनी तोंड वाकडं केलं. पण बिबट्याची भीती होती, म्हणून केलं. आंघोळ करून, धुतलेल्या रुमालात गोळा बांधून, घटकाभर काखेत धरला आणि चारला. संध्याकाळी पिल्लू माझ्या अंगणात हजर.

“मास्तर, तुमी त्याले साबणाचा भात चारला जी,” मी म्हटलं. “आता धोब्याच्या मांगं जाईन ते.”

रूथबाई हसून खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेसाठी मास्तर पलीकडच्या गावी चालत गेले, भर उन्हात, काखेत उघडा भात घेऊन. परत आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. तो गोळा त्यांनी उंबऱ्यात बसून भुऱ्याला आपल्या हातानं भरवला. त्यानंतर भुऱ्या बन ओलांडून आला नाही. आता ही रीत लागू पडली, की पिल्लू तेवढ्यात मोठं झालं, ते मी सांगू शकत नाही. मी पुष्कळ विचार केला आहे.

पुढे एकदा मास्तर माझ्या अंगणात बसले होते. म्हणाले, “सोमाभाऊ, भात खाताना त्या पिल्लाला काय समजलं असेल?”

“काई नाई. भात समजला.”

“मग ते माझं कसं झालं?”

मी उठलो आणि बैलांना पाणी दाखवायला गेलो. बैल तहानले होते असं नाही. मास्तर गाडी कुठल्या रस्त्याला लावत आहेत ते मला दिसलं होतं. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मला मात्र तो प्रश्न सुटला नाही. नांगर धरला तरी तोच.

या साली त्यांचा ताप हटेना. वडशाला मीच बैलबंडीतून नेलं, चांद्याच्या आगगाडीत बसवून दिलं. रूथबाई सोबत होत्या. खिडकीतून मास्तर म्हणाले, “भुऱ्याला बांधू नका. आणि परत आलो की एकदा प्रभूच्या पंगतीला माझ्याजवळ बसा.”

“समजलं तं बसन,” मी म्हटलं. ते हसले. म्हणाले, “बरं.”

ते चांद्याला गेल्यावर मी भुऱ्याला घरी बोलावत होतो. जन्मला माझ्या अंगणात, त्याची आई इथेच, हाडंही मीच टाकतो. पण हा मास्तरांच्या बंद दाराशीच पडून. मी भात तिथे नेऊन ठेवायचो, तो खायचा, शेपूट हलवायचा, आणि उठायचा नाही. माझं मन थोडं दुखलं, खरं सांगतो. ज्यानं एकदा भरवलं, तो दिसत नाही, हाक मारत नाही, तरी हा त्याचाच. यात त्याला काय समजतं? आणि समजत नसेल, तर मग हे काय आहे? हे विचारायला मास्तर हवे होते, आणि शनिवारी पाळक ती बातमी घेऊन आले...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रार्थनाघरात गेलो. मास्तरांची जागा उजव्या खांबापाशी, चटईच्या टोकाला. एरवी दार न सोडणारा भुऱ्या तिथे अंग मुडपून पडला होता, आणि कोणी त्याला हाकललं नव्हतं. दाराशी न थांबता मी जाऊन त्याच्याजवळ बसलो. पाळक तबक घेऊन रांगेतून आले, सवयीनं मला ओलांडून पुढे झाले, आणि माझा हात पाहून मागे वळले. समजलं का, असं त्यांनी विचारलं नाही. गव्हाच्या पोळीचा लहानसा तुकडा होता. मी तो खाल्ला.