फुगाशेठांची दाढ

फुगाशेठांचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं आणि ते तिथेच राहिलं. शाळेत असताना मधल्या सुट्टीत एकदा चेंडू ओठावर लागला. तासाभरात ओठ असा टरारून सुजला, की वर्गात शिरणाऱ्या मुलाला मास्तरांनी "तू कुठल्या वर्गातला रे?" असं विचारलं. त्या दिवसापासून त्यांचा फुगा झाला. पुढे ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागले, हाताखाली चार माणसं आली, आणि फुग्याचे फुगाशेठ झाले. शेठ म्हणायचं ते एवढ्यापुरतंच. जवळ ना दुकान ना गादी. पान्यांनी भरलेली एक जड पिशवी आणि कुठल्याही इमारतीत शिरल्या शिरल्या लिफ्टचा आवाज ऐकून तिचं दुखणं ओळखणारे कान, एवढीच इस्टेट.

सूज मात्र लहानपणापासून सोबतीला होती. दिवसभर पाना आवळला की दुसऱ्या दिवशी तळहात उशीसारखा. नवे बूट घातले की पाऊल बुटाच्या बाहेर. खाज नाही, लाली नाही, ताप नाही. दोन-तीन दिवस राहायची आणि आली तशी निघून जायची. एखाद्या घरात सगळ्यांचं नाक सारखं असतं, तशी आपल्या घरात सूज असते, असं ते मानून चालले होते. त्यांची बायको म्हणायची, "लोकांचे नवरे रुसून फुगतात, आमचे हे हसत हसत फुगतात."

पोटाचं दुखणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वर्षातून दोन-तीनदा अशी कळ यायची, की माणूस गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर पडून राहायचा. बाविसाव्या वर्षी अशाच एका कळेत त्यांचं अपेंडिक्स काढलं. ते तपासलं, तर ठणठणीत निघालं. "बिचारं निर्दोष सुटलं," फुगाशेठ सांगायचे, "पण तोवर शिक्षा होऊन गेली होती."

त्यांची थोरली बहीण अक्का दोन गल्ल्या सोडून राहायची. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेली, त्यामुळे घरातही तिचं बोलणं सूचनाफलकासारखं. तिचा एक नियम साऱ्या घराला पाठ होता: आपल्यात कुणी दाढ काढायची नाही. कारण त्यांचे वडील. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, एक्केचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस. एका संध्याकाळी दाढ काढून आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घसा धरून जिन्यातच कोसळला. कुणी म्हणालं घास अडकला, कुणी म्हणालं दाढेचं विष चढलं. अक्का तेव्हा सतरा वर्षांची होती, फुगाशेठ अकरा. त्यांचे आजोबाही असेच तरणेताठे गेले होते, मधमाशी चावून म्हणे. मधमाशांचं काही करता येत नाही, पण दाढ आपल्या हातात आहे, असा अक्काचा हिशेब.

म्हणून पन्नाशीत फुगाशेठांची डावी दाढ ठणकायला लागली, तेव्हा त्यांनी लवंग धरली. लवंगेवर सहा आठवडे निघाले. मग एक दिवस त्यांची लेक कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"बाबा, दाढेचा आणि मरणाचा काय संबंध?"

"तुझ्या आत्याला विचार."

"आत्याला नाही, तुम्हाला विचारतेय. लिफ्टमध्ये भूत आहे असं कुणी म्हणालं तर तुम्ही ऐकून घेता का?"

मंगळवारी सकाळी लेकीने त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने विचारलं, "काही आजार? कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"काही नाही," फुगाशेठ म्हणाले. "फक्त फुगतो."

डॉक्टर हसला, तेही हसले. दाढ निघाली. संध्याकाळी अक्काला कळलं, तेव्हा तिने एक शब्दही उच्चारला नाही. आणि अक्का गप्प बसली म्हणजे प्रकरण फारच गंभीर, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बुधवारी फुगाशेठ नेहमीसारखे कामावर गेले. एका सात मजली कार्यालयाच्या लिफ्टचे दोर तपासायचे होते. जोडीला शिडी होता. शिडी म्हणजे त्यांचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार, इतका उंच आणि किडकिडीत की दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. अकराच्या सुमाराला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत शिडीने मान वर केली.

"फुगाशेठ, आज आवाज विहिरीतून का येतोय?"

"दाढेची सूज आहे. उतरेल."

पण सुजला होता गाल आणि जड वाटत होती ती जीभ. थोड्या वेळाने त्यांना थुंकी गिळता येईना. ते हात पुसायच्या फडक्याने तोंड टिपायला लागले. शिडीने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा हातातला पाना खाली ठेवला.

"चला."

"अरे, अजून तीन दोर..."

"दोर कुठे पळून जात नाहीत. चला म्हणतो ना!"

मागच्याच रस्त्यावर इस्पितळ होतं. तिथल्या लिफ्टही हेच दोघं बघायचे, म्हणून दारावरचा पहारेकरी "आज काय बिघडलं?" म्हणत पुढे आला, आणि फुगाशेठांचा चेहरा पाहून वाटेतून बाजूला झाला.

तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने ॲलर्जी समजून इंजेक्शन दिलं. मग दुसरं दिलं. मग सलाईनमधून आणखी काही. एरवी सुजलेल्या माणसाला ज्या औषधाने दहा मिनिटांत आराम पडतो, त्याचा इथे काडीचाही उपयोग होईना. श्वास घेताना घशातून शिट्टी वाजायला लागली. आयुष्यभर जी सूज हातापायांवर उतरली, ती आज घशात उतरली होती, आणि घशात सूज मावायला जागा असते किती? फुगाशेठांना पहिल्यांदाच भीती वाटली. मोठी, थंडगार भीती. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना ते बाहेरून ओरडून सांगायचे, "घाबरू नका, हवा भरपूर आहे." हे आता त्यांना कोण सांगणार?

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. ठेंगण्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या, आणि घाई असूनही घाई न दाखवणाऱ्या. त्यांनी हात-पाठ पाहिली. कुठे चट्टा नाही, पुरळ नाही.

"खाज सुटते?"

फुगाशेठांनी मान हलवून नाही म्हटलं.

"असं पूर्वी कधी सुजलंय?"

फुगाशेठांनी बोलायचा प्रयत्न केला आणि शेवटी शिडीकडे बोट दाखवलं. शिडी म्हणाला, "बाई, यांचं नावच फुगा आहे."

तोवर शिडीच्या फोनवरून बायको, लेक आणि अक्का धापा टाकत पोचल्या. अक्काने दारातूनच सांगून टाकलं, "दाढ काढलीये. आमचे वडील दाढ काढून दुसऱ्या दिवशी असेच गेले. मी सांगत होते, पण माझं ऐकतं कोण!"

डॉक्टरीणबाई गर्रकन वळल्या. "दुसऱ्या दिवशी? घसा सुजून?"

"घसा धरून."

"आणि त्यांचे वडील?"

"मधमाशी चावली म्हणतात."

"मधमाशी कुणी पाहिली होती?"

"नाही हो. पाहिली कुणीच नाही."

"ही ॲलर्जी नाही," बाई तरुण डॉक्टरला म्हणाल्या. "घराण्यात चालत आलेली सूज आहे. घसा पूर्ण मिटायच्या आत नळी घालायला हवी. रक्तपेढीला फोन करा, रक्तद्रवाच्या, प्लाझ्माच्या पिशव्या मागवा. वर घ्या यांना."

स्ट्रेचर लिफ्टमध्ये ढकललं गेलं. दार मिटलं, लिफ्ट वर निघाली, आणि जीव कंठाशी आलेला असताना फुगाशेठांच्या कानांनी आपलं काम सोडलं नाही. वरून बारीक करकर ऐकू येत होती. अरे, याचं बेअरिंग गेलंय की, हा त्यांचा त्या दिवशीचा शेवटचा विचार.

जागे झाले तेव्हा दुसरा दिवस होता. नाकातून नळी घातलेली, बोलायची सोय नाही. बायको हात धरून बसली होती, पायाशी शिडी उभा. त्यांनी खुणेने कागद-पेन्सिल मागितली आणि वाकड्यातिकड्या अक्षरात काहीतरी लिहिलं. बायकोने कागद वाचायच्या आधीच डोळ्याला पदर लावला.

"काय म्हणतायत? काही सांगायचं राहिलंय का?"

शिडीने कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "दोन नंबरच्या लिफ्टचं बेअरिंग बदल. आजच."

बायकोचं रडू थांबलं आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. ते ऐकून शेजारच्या खाटेपाशी उभ्या नर्सला कळलं, की पेशंट बरा होतोय.

नळी निघाल्यावर डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. सगळी मंडळी भोवती. त्या म्हणाल्या, "तुमच्या रक्तात एक प्रथिन असतं. शरीरात सूज सुरू झाली की ती आवरायचं काम त्याचं. तुमच्यात ते जन्मापासून कमी आहे. म्हणून जरासा मार, दाब, दात काढणं, कधी नुसती चिंता, एवढंही सूज यायला पुरतं. हातावर आली तर त्रास. आतड्यात आली तर कळा. घशात आली तर काही तासांत जीव जाऊ शकतो. ॲलर्जीचं औषध तिथे चालत नाही, कारण कारणच वेगळं."

"म्हणजे ब्रेक आहे, पण धरत नाही," फुगाशेठ घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"अगदी बरोबर."

"आणि माझं अपेंडिक्स?"

"ते बहुतेक उगाच गेलं."

"मी म्हणतच होतो!"

अक्का पुढे झाली. तीस वर्षांची कचेरी तिच्या आवाजात उतरली. "म्हणजे दाढेचं माझं खरं होतं."

"निम्मं खरं होतं, अक्का," बाई हसल्या. "दाढ काढायला हरकत नाही. आधी औषध घेऊन काढायची, एवढंच. पण तुम्ही ते इतकी वर्षं लक्षात ठेवलंत आणि दारातच बोललात, म्हणून मला वेळेवर कळलं."

निम्म्याचं अक्काने पुढे कुठेही सांगितलं नाही. गल्लीत गेला तो निकाल पूर्ण तिच्या बाजूने गेला.

लेक मात्र खिडकीपाशी उभी होती. सगळे बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला मारलंच होतं."

"वेडी आहेस. तू नेलं नसतंस तर ती दाढ आणखी कुठेतरी निघाली असती. नाहीतर चेंडू लागला असता, किंवा नुसतीच सूज आली असती. आणि मग शिडीसारखा माणूस जवळ नसता तर? माझ्या बापाला ही बाई भेटली नाही गं. मला भेटली."

लेक रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम.

हा आजार बापाकडून किंवा आईकडून पोरात उतरायची शक्यता निम्मी, असं बाईंनी सांगितलं होतं. म्हणून अक्का, लेक आणि अक्काचे दोन मुलगे, सगळ्यांचं रक्त तपासायला गेलं. निकाल आले. अक्काला आजार होता. जन्मभर जिला ती अपचन म्हणत आली, ती पोटदुखी म्हणजे हाच. मुलगे दोघेही सुटले. लेकीला होता. तिला आजवर एकदाही सूज आली नव्हती.

लेकीने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा वाचला. "ठीक आहे," ती म्हणाली. "पणजोबांच्या काळात याला मधमाशी म्हणत होते. मला निदान खरं कारण तरी माहीत आहे." मग अक्काकडे बघून, "आत्या, आपण तिघं एका बाजूला. तुमचे मुलगे परके."

"पहिल्यापासूनच होते," अक्का म्हणाली.

आता तिघांच्याही खिशात एक कार्ड असतं, आणि फ्रीजमध्ये सगळ्यात वरच्या कप्प्यात जपून ठेवलेली औषधं. एक सुई कायम फुगाशेठांच्या पिशवीत. सूज सुरू झाली की पोटाच्या कातडीत टोचून घ्यायची. तोंड, जीभ, घसा असेल तर टोचून लगेच इस्पितळ गाठायचं. हे शिकवायला बाईंनी त्यांना दोनदा बोलावलं. शिडीलाही बोलावलं, कारण दिवसाचे नऊ तास तो सोबत असतो. शिडी मान डोलावत राहिला. आपल्याला सुईची भीती वाटते हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी ते बाहेर आलं. एका इमारतीत गंजलेला बोल्ट सोडवताना फुगाशेठांचा उजवा हात फुगायला लागला. बोटं मिटेनात. डावा हात कसला कामाचा.

"शिडी, सुई काढ."

"मी?"

"मग काय लिफ्टला सांगू?"

शिडीने सुई काढली. सोबतचा सूचनांचा कागद काढला. कागद आधी उलटा धरून, मग सुलटा करून मोठ्याने वाचला. फुगाशेठांनी डाव्या हाताने सदरा वर केला. शिडीने पोटाची चिमूट धरली आणि डोळे मिटून घेतले.

"डोळे उघड रे बाबा! माझं पोट आहे, दिव्याचं बटण नव्हे!"

"मोठं पोट आहे, चुकणार नाही."

आणि खरंच चुकलं नाही. औषध आत गेलं, बरंच झोंबलं. फुगाशेठ "आई गं" म्हणाले; शिडी त्यांच्यापेक्षा मोठ्याने म्हणाला आणि तिथेच जमिनीवर बसला, घामाने डबडबलेला. फुगाशेठांनी त्याला पाणी पाजलं. अर्ध्या-पाऊण तासात सूज वाढायची थांबली. मग शिडीने बोल्ट सोडवला आणि फुगाशेठ पायरीवर बसून, सुजलेला हात मांडीवर ठेवून, त्याच्या चुका काढत राहिले.