अक्काने न पाहिलेली भुतं

दुपारचं जेवण झालं की इंदूअक्का डाव्या कुशीवर आडवी होते. आजही झाली आहे. वर पंखा गरगरतोय, पापण्या जड होतायत. पंख्याची घरघर जाड होत जाते, आणि मग ती पंख्याची राहतच नाही. जत्रेतल्या तंबू टॉकीजच्या इंजिनाची होते. अक्का घरून आणलेल्या पोत्यावर बसली आहे. समोर पांढरा पडदा, शेजारी दिगू.

दिगू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन दीड वर्ष झालं. इथे तो अर्ध्या चड्डीत आहे आणि डोक्यावरचे केस मात्र पिकलेले. अक्काला त्यात काही वावगं वाटत नाही.

"बायकांच्या बाजूला बसलास होय रे अजून? सदुसष्ट वर्षांचा घोडा झालास."

"तूच आणलंस हाताला धरून." दिगू शेंग फोडतो. "बोल, आज कुठल्या दशकाचा पिक्चर?"

हा त्यांचा जन्माचा वाद. भुताचे सिनेमे चांगले कुठल्या दशकातले? अक्का साठच्या दशकाची. दिगू ऐंशीच्या दशकाचा.

आणि दोघांची एक रीत होती. भूत यायच्या सुमाराला दिगू डोक्यावरून पंचा ओढून घेई, अक्काचं मनगट बांगड्यांसकट गच्च धरी आणि आतून विचारी, "गेलं का?" अक्का म्हणे, "थांब." आणि जरा वेळानं, "गेलं. उघड." तंबूत हेच, पुढे भाड्याच्या व्हिडिओवर हेच, टीव्हीवरही हेच. अक्का धीट म्हणून गावभर नाव झालं. ती मास्तरीण झाली तेव्हा वर्गातल्या पोरांनाही सांगायची, घाबरायचं नाही बाळांनो, डोळे उघडे ठेवून बघायचं, म्हणजे भीती लहान होते.

"ऐंशीची कसली रे भुतं!" अक्का म्हणते. "रबराचे मुखवटे आणि धुराचे लोट."

"पण तोंड दाखवायची तरी! दोन हजारनंतरची तर फ्लॅटात राहायला आली. लिफ्टनं ये-जा करतात."

"साठच्या दशकात मुखवटा लागायचाच नाही. लांबून पैंजण वाजायचं. दार करकरायचं. वारा सुटायचा आणि त्यात कुणीतरी गात असायचं..."

"आणि दिसायचं काय?"

अक्का पोतं सारखं करायला वळते. पोत्याचा सोफा झालाय, पडद्याच्या जागी टीव्ही आहे, आणि दिगूला लग्नातली मिशी आली आहे.

"साठचं दशक तुला का आवडतं, सांगू?" तो म्हणतो. "ते कानांनी बघता येतं. पैंजण, दार, वारा. सगळं ऐकलेलंच सांगतेस. दिसलेलं एक तरी सांग."

"दिगू," अक्काचा आवाज बारीक होतो, "मी एकही भूत पाहिलं नाही रे. डोळे मिटून बसायची. आवाज थांबला की म्हणायची, गेलं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. माझ्या पंच्याला भोक होतं." तो फिस्सकन हसतो. "मी सगळी भुतं पाहिली आणि तुझे मिटलेले डोळेही पाहिले."

"मग विचारायचास कशाला?"

"तू सांगितलंस की बरं वाटायचं."

अक्कालाही हसू येतं. हसता हसता ती समोर बघते, तर टीव्ही नाही. दवाखान्यातला पांढरा पडदा आहे, खाटेभोवती ओढलेला. दिगूनं चादर नाकापर्यंत घेतली आहे. इथं काय झालं होतं ते अक्काला पाठ आहे. दिगूनं तिचं मनगट धरून विचारलं होतं, "अक्का, बसशील ना? सांगशील ना?" ती म्हणाली होती, "सांगेन." आणि पाणी आणते म्हणून बाहेर गेली होती. बाकड्यावर डोळे मिटून बसून राहिली होती, आत त्याच्या श्वासाचा आवाज थांबेपर्यंत.

"त्या चादरीला भोक नव्हतं गं," दिगू म्हणतो.

"रागावलास?"

"छे. विचारत होतो. कुणी सांगितलं नाही, एवढंच."

"आता विचार. आता मी इथंच आहे."

दिगू चादर डोक्यावरून ओढून घेतो. त्याचा हात चाचपडत येतो आणि तिचं मनगट धरतो, तंबूत धरायचा तसंच, गच्च.

"गेलं का?"

अक्का डोळे उघडे ठेवते. चादर वरखाली होतेय, ते बघते.

"थांब," ती म्हणते.

चादर अजून हलतेय.

"थांब रे. थांब."

"किती थांबू, अक्का?" आतून दमलेला आवाज येतो.

अक्काला ते दोन शब्द म्हणायचे नसतात. पण तो वाट बघतोय.

"गेलं," ती म्हणते. "उघड."

आणि तिचेच डोळे उघडतात.

पंखा. भिंत. चारचं ऊन खिडकीत आलेलं. अक्का अजून डाव्या कुशीवरच आहे, उजवा हात अंगावर मोकळा. संधिवातानं बोटं सुजल्यापासून तिनं बांगड्या चढवणं सोडलंय, त्यालाही सहा वर्षं झाली. त्या उघड्या मनगटावर तीन गोल वळ आहेत, एकाखाली एक, बांगड्या आत रुतल्यासारखे लालसर.

अक्का ते चोळत नाही. हात उन्हात धरते आणि वळ पुसट होत पार नाहीसे होईपर्यंत, डोळे न मिटता, बघत राहते.