जिना चढणारी बाई

सिंगापूरच्या बुकित पंजांग भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे बहुमजली इमारतीत, सकाळी कामावर निघताना मी लिफ्टची वाट बघत उभी असायचे, तेव्हा शेजारच्या जिन्यातून ती धापा टाकत वर यायची. साठी उलटलेली, बारीक चणीची चिनी बाई. पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या. वळणावर क्षणभर थांबून दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवायची, माझ्याकडे बघून हसायची आणि पुन्हा चढू लागायची.

"एवढी कसली तयारी?" मी एकदा विचारलं.

"लेहची. जुलैमध्ये शिखर चढायचंय."

त्या नावाने माझ्याही मनात घर केलं. जुलैत घरच्यांबरोबर मीही लेहला गेले. उघडे तपकिरी डोंगर, कोरडी विरळ हवा, बाजारात जिकडेतिकडे दोर आणि बूट घेऊन हिंडणारे गिर्यारोहक. बाजाराचा साधा चढही मला दमवत होता. चहाला टेकले, तर समोर तीच! ओठ फुटलेले, नाक उन्हाने सोललेलं.

"गटातले दोन तरुण अर्ध्यातून परतले," तिचा लडाखी गाइड कौतुकाने सांगत होता. "या सिंगापूरच्या बाई मात्र शिखरावर पोचल्या."

पलीकडच्या टेबलावरचा एकजण हसला. "सिंगापूरला डोंगर तरी आहेत का?"

"डोंगर नाहीत, पण जिने आहेत ना, लाह!" ती खास सिंगापुरी हेल काढत म्हणाली आणि निवांतपणे चहा पिऊ लागली.

गाइडने मला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

आजवर या प्रश्नाला मी न चुकता 'पुण्याची' म्हणत आले. त्या दिवशी मात्र मान ताठ करून सांगितलं, "आम्ही दोघी एकाच ब्लॉकमधल्या."