फ्रीजरमध्ये कोंडलेला महादेव

वेल्ह्याच्या एसटी स्टँडवरून मी परदेशी निघाले तेव्हा भर वैशाखात माझ्या अंगावर दोन स्वेटर, गळ्यात मफलर आणि डोक्यावर माकडटोपी होती. बॅगेत जागा उरली नव्हती, म्हणून आईनं सगळी थंडी माझ्या अंगावरच चढवली होती. कंडक्टरनं विचारलं, "काय ताई, तोरण्यावर बर्फ पडला का?" अख्खी गाडी हसली. माझे वडील, अण्णा, तेवढे हसले नाहीत. खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाले, "थंडीला भिऊ नगंस. धीर धरला की तीच मागं सरती."

अण्णा, ती खरंच मागं सरली हो. तुम्ही असता तर दाखवलं असतं. टोरांटोत आता हिवाळा नुसता हजेरी लावून जातो.

इथं आमचा थंडीवेड्यांचा एक गट आहे. ग्लेन नावाचा निवृत्त बसड्रायव्हर आमचा म्होरक्या. परसात थर्मामीटर टांगायचा, सकाळी उठून मोबाईलवर हवामानाचे नकाशे चघळायचे आणि एकमेकांना धीर द्यायचा, हा आमचा उद्योग. दहा दिवसांनी बर्फ, असं रोज दिसतं, आणि ते दहा दिवस रोज दहाच राहतात. रुसलेल्या जावयाची वाट बघावी तशी आम्ही ढगांची वाट बघतो. डोळे शिणले, पण सवय सुटत नाही.

यंदा मात्र माझी निकड मोठी होती. आई आली होती. सत्तरी ओलांडल्यावर, पहिल्यांदा विमानात बसून, फक्त बर्फ बघायला. "लेकीकडं जाऊन बर्फातला फोटू आणते," असं सगळ्या आळीला सांगून आली होती. रोज सकाळी पडदा सारून विचारायची, "अगं, हितं तर किकवीच्या हायवेवानी कोरडं ठाक हाय. बर्फ ठिवलाय तरी कुठं?"

जायची तारीख जवळ आली तसा तिनं कारभार हातात घेतला. आमच्याकडे पाऊस लांबला की बायका महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतात, पिंड बुडवून देवाला कोंडतात. गुदमरला की तो पाऊस सोडतो. आईनं माझ्या देव्हाऱ्यातली पितळी पिंड वाटीभर पाण्यात ठेवली आणि वाटी फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी.

"आई, अगं देव आहे तो!"

"मग? गारठू दे की जरा. त्याला बी कळाय नगो?"

मी हे गटाला कळवलं. तेव्हापासून ग्लेनचा सकाळी पहिला मेसेज यायचा : देवाची तब्येत कशी आहे?

त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. आम्ही दोघी खिडकीशी बसलो. आणि पडला तो पाऊस. साधा, धो धो, आषाढात वेल्ह्यात पडावा तसला. आईनं काचेला नाक लावून बघितलं. मग म्हणाली, "त्यो पावसाचाच देव बाई. त्याला बर्फ येत न्हाई." तिनं वाटी बाहेर काढली, कोमट पाण्यात धरून पिंड सोडवली, पदरानं पुसली. "माफ कर रं बाबा," म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

विमानतळावरून परतताना मला एकच डाचत होतं. ही आता आळीला काय तोंड दाखवणार? इतक्या वर्षांत या देशाची लाज मला पहिल्यांदाच वाटली. म्हणजे तो आता माझा झाला असावा.

परवा व्हिडिओ कॉल लावला तर आई ओट्यावर, भोवती बायकांचा घोळका. मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारच्या सखूकाकींनी विचारलं, "व्हय वं वैनी, बर्फ खरंच बघितला का तुमी?"

आईनं मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही.

"बघितला म्हंजी? कंबरंएवढा! लेक फावडं घिऊन वाट काढायची, तवा कुठं दार उघडायचं."

"आन् फोटू?"

"हात गारठल्यालं, बाई. फोटू कोण काढतंय?"

तर वेल्हेकरांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचलंच, तर तिला खोटं पाडू नका. उलट विचारा, खोदून खोदून विचारा. आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, घर कुठं असं कुणी विचारलं की पूर्वी मी एक पत्ता सांगायचे, मग दोन सांगू लागले. आता सांगून दमले. इथं जो पडलाच नाही तो बर्फ तिकडं आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी पडतोय, दिवसागणिक वाढतोय, आणि त्यातून वाट काढत मी आईच्या दाराशी उभी आहे.