सालईचा डिंक आणि दोन मीटर

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी, दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान, पांढरकवड्यात भरलेल्या जिल्हास्तरीय मैदानी स्पर्धेत मुलींची बांबूउडी झाली. स्पर्धक एक होती. पाऊस सुरू होता.

मी तेव्हा तालुका वार्ताहर होतो. धावण्याच्या शर्यतींचे निकाल आणि एक फोटो एवढेच मला हवे होते आणि ते दोन्ही मिळाले होते. निघताना मुख्य पंचांनी हाक मारली.

"ओ प्रेसवाले! छत्री हाये ना? मंग या इकडं."

छत्री त्यांच्यासाठी नव्हती. निकालपत्रक भिजत होते. पुढचा दीड तास मी ती पत्रकावर धरून उभा होतो, त्यामुळे जे घडले ते सगळे मला पाच-सहा फुटांवरून दिसले.

एकच स्पर्धक असली की ती जिंकल्यातच जमा, असा समज मैदानात होता. मंडपवाले तर टाळ्या वाजवून मोकळे झाले होते. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर कसला तरी मेळावा होता आणि त्यासाठी खांब गाडायला आलेले चार जण पाऊस थांबण्याची वाट पाहत बसले होते. पंचांनी त्यांना नियम समजावून सांगितला. सुरुवातीची उंची दोन मीटर. संधी तीन. एकदा तरी पट्टी न पाडता पलीकडे गेली तर मुलगी विभागीय स्पर्धेला जाणार. नाही गेली, तर एकटी असूनही तिचा क्रमांक लागणार नाही, तिचे नाव पुढे जाणार नाही.

"एकटी असून हारते?" एका मंडपवाल्याने विचारले.

"हारते," पंच म्हणाले.

मुलगी बारावीत होती. मारेगावच्या बाजूच्या एका तांड्यातून आली होती. तिच्या शाळेत क्रीडाशिक्षक नव्हते. भूगोलाच्या सरांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून तिला बांबूउडी शिकवली होती आणि सरावात ती दोन मीटर वीस सेंटिमीटर उडत होती, असे सरांचे म्हणणे होते. शाळा शिकण्याचे तिचे हे शेवटचे वर्ष, म्हणून या स्पर्धेचेही शेवटचे. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हते.

पडायला गादी नव्हती. आयोजकांनी मागवलेली गादी आली नव्हती. ती का आली नाही, याची तीन वेगवेगळी कारणे मला तीन लोकांनी सांगितली. त्यातले एकही खात्री करून घेता आले नाही. मुलीच्या वडिलांनी सकाळीच ट्रॅक्टरमध्ये सोयाबीनच्या कुटाराची तीस-पस्तीस पोती घालून आणली होती. शेंगा मळल्यावर उरणारा भुसा तो. हलका, मऊ आणि त्या आठवड्यात घरोघरी पडलेला. पोती रचून वर त्यांनी घरची ताडपत्री घट्ट ताणली होती.

ताडपत्रीबद्दल घरी सांगितले नव्हते. पहिल्या उडीच्या आधी मुलीच्या आईचा फोन आला. बाई फोनवर एवढ्या जोरात बोलत होत्या की मलाही ऐकू येत होते.

"सोयाबीन उघडं पडलं ना! ताडपत्री कोठी हाये?"

"हाये इथंच."

"इथं म्हणजे कोठी?"

"पोरगी पडून राह्यली तिच्यावर," वडील म्हणाले.

"कुठून पडली? लागलं का तिले?"

"अजून पडली नाय. पडन आता. तू सोयाबीनवर चादरी टाक. आपल्या रग टाक. पलंगपोस टाक." त्यांनी फोन बंद केला.

पहिली उडी तीन वाजायला पाच मिनिटे असताना झाली. मुलगी धावत आली, बांबू खड्ड्यात टेकवला, वर गेली आणि पट्टीच्या एक हात खाली थांबली. ओल्या बांबूवरून तिचे हात घसरले. ती शेवग्याच्या झाडावरून उतरावे तशी सावकाश बांबूवरून खाली आली आणि दोन्ही पायांवर उभी राहिली. पट्टीला धक्काही लागला नव्हता.

पंचांनी लाल झेंडा वर केला.

"पाडली कुठी तिनं?" वडील म्हणाले.

"पाडली नाय. पण गेलीही नाय पलीकडं. पलीकडं जायले लागते, भाऊ."

सरांनी खिशातून रुमाल काढून बांबू पुसला. रुमाल पिळला तर पाणी निघाले. "उद्या घेता येईल का?" त्यांनी पंचांना विचारले. पंचांनी मंडपवाल्यांकडे बोट दाखवले. मंडपवाल्यांनी खांबांकडे पाहिले.

वडील ट्रॅक्टरकडे गेले ते एक पुडी घेऊन आले. पुडीत सालईचा डिंक होता, केळापूरच्या जंगलातला. संध्याकाळी शेतात डास आले की ते तो धूप म्हणून जाळायचे, म्हणून टूलबॉक्समध्ये ठेवलेला असे. त्यांनी परत जाऊन ट्रॅक्टर सुरू केला, सायलेन्सर तापल्यावर डिंक त्यावर धरून नरम केला, मुलीचे तळहात आपल्या सदऱ्याच्या आतल्या बाजूने कोरडे केले आणि डिंक चोळला.

"चालते का हे?" सरांनी विचारले.

पंचांनी प्लास्टिकच्या पिशवीतले नियमपुस्तक काढले, मला छत्री जरा डावीकडे घ्यायला सांगितली आणि दोन पाने वाचली. हाताला काही लावायला मनाई नव्हती. "चालते," ते म्हणाले. "कुटार, डिंक. शेत घेऊन आले तुम्ही, भाऊ."

दुसरी उडी पाहून मंडपवाले उभे राहिले. या वेळी मुलीचे हात बांबूवरून घसरले नाहीत. मुलगी पट्टीच्या वर गेली, चांगली हातभर वर. अंग पलीकडे वळले. आता बांबू मागे ढकलून सोडायचा होता. तिने तो ढकलला. बांबू सुटला नाही. मुलीबरोबर बांबूही पट्टीवरून पलीकडे आला, येताना त्याने पट्टी सोबत आणली आणि तिघेही ताडपत्रीवर पडले. ताडपत्रीवर साचलेले पाणी उडून पत्रकावर आले. छत्रीचा त्या बाजूने उपयोग नव्हता.

लाल झेंडा.

"सोड ना तो बांबू!" सर ओरडले.

"सुटून नाय राह्यला, सर."

सरांनी बांबूचे एक टोक धरले, मी दुसरे धरले, वडिलांनी मुलीची बोटे एकेक करून उकलली. "जास्त झाला वाटते," ते म्हणाले.

"वाटते?" मुलगी म्हणाली. "बा, तुमी धूप लावला का फेविकॉल?"

एक संधी उरली होती. डिंक काढावा की ठेवावा, यावर चर्चा झाली. वडिलांच्या मते डिझेलने तो लगेच निघाला असता. सरांच्या मते डिझेल लावलेल्या हाताने बांबू धरणे म्हणजे पहिल्या उडीवर परत जाणे. एका मंडपवाल्याने एका हाताचा काढा, एकाचा ठेवा, असे सुचवले. कोणत्या हाताचा, हे त्याला सांगता आले नाही. पंच घड्याळ बघत होते. पावसामुळे त्यांनी वेळ वाढवून दिली होती, पण आणखी वाढवायची तयारी दिसत नव्हती.

मुलीने खालच्या थरातले एक पोते ओढले, तोंड सोडले आणि आतल्या कोरड्या कुटारात दोन्ही हात मनगटापर्यंत घातले. बाहेर काढले तेव्हा तळव्यांवर बारीक भुसा बसला होता. तिने हात एकमेकांवर चोळले, झटकले, पुन्हा घातले.

"हे काय करून राह्यली?" वडिलांनी विचारले.

"कणीक चिकटली की पीठ लावतो ना हाताले? तेच." मग ती म्हणाली, "तुमाले कुठं ठाऊक."

तिने बांबू धरून पाहिला, सोडून पाहिला. पुन्हा धरला.

तिसऱ्या उडीला वारा सुटला होता. मुलगी धावली, टेकवला, गेली. पट्टीच्या वरून गेली. बांबू या वेळी हातातून सुटला आणि खड्ड्यात सरळ उभा राहून डोलू लागला. तो पट्टीवर पडेल असे वाटून वडील हात पसरून पुढे धावले.

"हात लावू नका!" पंच ओरडले. "लावला तर बाद करीन!"

वडील हात पसरलेले तसेच थांबले. बांबू मागे आला आणि त्यांच्या खांद्यावर आदळला. त्यांनी हात हलवला नाही.

मुलगी पोत्यांवरून उठली, खाली उतरली, चार पावले चालली. मग पट्टी पडली.

नियम असा होता की उडी घेणाऱ्याने पाडली तर बाद, वाऱ्याने पाडली तर उडी ग्राह्य. सर म्हणाले, वाऱ्याने. वडील खांदा चोळत म्हणाले, वाऱ्यानेच. मंडपवाले चारही जण म्हणाले, वाऱ्याने. पंचांनी मला विचारले. मी छत्री सांभाळत होतो आणि त्या क्षणी ती उलटी झाली होती. मी पाहिले नव्हते, असे सांगितले. सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती लक्षात आहे.

पंचांनी पट्टी पुन्हा जागेवर ठेवायला सांगितली. सगळ्यांना दहा पावले मागे नेले. मुलीलाही. "आता कोणी उडत नाय," ते म्हणाले, आणि घड्याळ हातात घेऊन उभे राहिले.

मुलीने पायातले बूट काढले होते. ते दोन्ही हातांत धरून ती पट्टीकडे बघत होती. वीस सेकंद गेली. वारा पडल्यासारखा झाला. "ये ना," ती हळू म्हणाली.

अडतिसाव्या सेकंदाला पट्टी पडली.

पंचांनी पांढरा झेंडा वर केला. मंडपवाले खांब उचलायला गेले.

सोमवारी विभागीय स्पर्धेची यादी निघाली. मुलींच्या बांबूउडीसमोर एक नाव होते. ते तिचे होते.