बी अम्मींचं, चूक माझी

टोमॅटोच्या अकरा रोपांचा जीव माझ्या हातून गेला, ही गोष्ट मी आठ वर्षं सांगायची टाळली. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, ती माहीत आहे. पण तिला मी सांगितली नव्हती, तिला वास आला होता.

तेव्हा मी रुवैसच्या तेलकारखान्यातून निवृत्त होऊन अबुधाबीत मुलाकडे राहायला आलो होतो. कारखान्यात माझं काम एकच: तापमान सांभाळणं. तीस वर्षं सांभाळलं. (हे लक्षात ठेवा, पुढे हसायला बरं पडेल.)

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडची नसीम राहायची. तिच्या आई, ज्यांना आम्ही सगळेच अम्मी म्हणायचो, गावी परसात टोमॅटो लावायच्या. मोठे, कंगोरेदार, आणि इतके आंबट की माशाच्या कालवणात एक टाकला की कोकम नको! दर वर्षी पहिलं चांगलं फळ त्या कुणाला खाऊ द्यायच्या नाहीत. त्याच्या बिया राखेत घोळवून, वाळवून डब्यात ठेवायच्या. चाळीस वर्षं ते बी त्यांनी असं टिकवलं होतं. त्यातल्या चिमूटभर बिया नसीमकडे आल्या.

थंड देशांत म्हणे बाहेर बर्फ असतो म्हणून रोपं घरात करतात. आमच्याकडे ऑगस्टात बाहेर भट्टी, म्हणून रोपं घरात, एसीच्या गारव्यात, खिडकीशी. ऑक्टोबरात जरा निवलं की बाल्कनीत. सप्टेंबरात नसीमची रोपं बोटभर झाली आणि तिला एका लग्नासाठी गावी जावं लागलं. ट्रे माझ्याकडे आला.

“काका, एसी पंचवीसवर. पाणी थोडंच. आणि बाहेर अजिबात काढायची नाहीत हां!”

“अगं, तू मला तापमान शिकवतेस?”

“शिकवत नाही काका, हात जोडते.”

चार दिवस मी ऐकलं. पाचव्या दिवशी माझ्यातला तंत्रज्ञ जागा झाला. रोपं पुढे बाहेरच जायची आहेत ना? मग उन्हाची सवय आत्तापासून नको? मी तक्ता केला. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशी पंधरा. तक्ता फ्रिजवर चिकटवला.

“नसीमला विचारलंत?” सुमन म्हणाली.

“त्यात विचारायचं काय? शास्त्र आहे हे!”

तिसऱ्या दिवशी ट्रे बाल्कनीत ठेवला, काचेचं दार घट्ट लावलं (आतला गारवा जायला नको!) आणि खुर्चीत टेकलो. खोलीतलं तापमान अगदी आदर्श होतं. झोप लागली. कारखान्यात काही बिघडलं की भोंगा वाजायचा. टोमॅटोंना भोंगा नसतो.

दोन तासांनी नातीनं हलवून उठवलं. “आजोबा, दे आर कुक्ड!”

पोर वाढवून सांगत नव्हती. ट्रेमध्ये पालेभाजी होती. तेवढ्यात बाजारातून सुमन आली आणि दारातूनच म्हणाली, “काय शिजतंय?”

संध्याकाळी मी पट्टी घेऊन रोपांच्या बाजारात गेलो. “भाई, टमाटर के ग्यारह पौधे. इतने ही ऊँचे!”

“कौनसा टमाटर?”

“टमाटर में भी कौनसा होता है?”

“खलास, हबीबी. ये ले जाओ.”

नसीम परत आली, ट्रे पाहून हरखली. “काका, काय सांभाळलीत हो! अम्मीनं खास तुमच्यासाठी फणसपोळी पाठवलीय.”

मी ती खाल्ली. संपूर्ण.

जानेवारीत नसीमच्या बाल्कनीत फळं धरली. गोट्यांएवढी! आणि गोड! तिनं आमच्याच हॉलमध्ये बसून, स्पीकर लावून गावी फोन केला.

“अम्मी, हे कसलं बी दिलंस? कालवणात टाकलं तर शोधावं लागतं!”

पलीकडून अम्मी म्हणाल्या, “माझ्याच हातून मिसळलं असेल गं. आता दिसत नाही मला धड.”

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“सांगा,” नसीम गेल्यावर ती म्हणाली.

“सांगतो.”

पुढच्या वर्षी बियांची पुडी आली नाही. अम्मींनी डबा सुनेच्या हाती दिला होता, आणि सुनेनं तो धुऊन त्यात साखर भरली होती. चाळीस वर्षांचं बी माझ्या दोन तासांच्या झोपेनं संपवलं, आणि दोष लागला एका म्हातारीच्या डोळ्यांना.

अम्मी आता नाहीत. म्हणून आमची एकुलती एक भेट जशी झाली तशी लिहितो. त्या व्हिजिट व्हिसावर नसीमकडे आल्या होत्या. मी वाक्यं पाठ करून गेलो: ‘अम्मी, ती रोपं तुमची नव्हती. तुमची मी मारली. बी चोख होतं.’ तीनच वाक्यं! नसीम चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघंच. मी तोंड उघडलं, तोच अम्मी शाल सावरत उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

“भाऊ, पोटच्या पोरांसारखी सांभाळलीत ती रोपं. आणि माझ्या या डोळ्यांनी तुमची सगळी मेहनत वाया घालवली. फार लागून राहिलंय मनाला. मला माफ करा.”

मी घसा साफ केला.

“असू द्या, अम्मी,” मी मोठ्या मनानं म्हणालो. “माणसाकडून होते चूक.”