बस्त्यातली डुलकी

लग्न न करता लग्नावर इतक्या अधिकाराने बोलणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज अख्ख्या लालबागमध्ये सापडणार नाही. जन्मभर चाळीच्या खोलीत एकटे राहिले, पण नात्यातल्या एकाही लग्नाचा बस्ता त्यांच्याशिवाय बांधला गेला नाही. हिंदमाताच्या साडीच्या दुकानात मामा गादीवर मांडी ठोकून बसत आणि साड्यांकडे ढुंकूनही न बघता नवऱ्यामुलाकडे बघत. पदर चाचपणारा पुढे कटकट्या निघतो, सारखा घड्याळ बघणारा सुखाला मुकतो, आणि 'तुला आवडेल ती घे' म्हणणाऱ्याला तर मामा सरळ पळपुट्यांत जमा करत. आमच्या बस्त्याला मी एकविसाव्या साडीला भिंतीला टेकून चक्क घोरलो. सासरची मंडळी शरमेने लाल झाली. मामांनी मात्र जाहीर केलं, "हे टिकणार. ज्याच्याशेजारी झोप लागते त्याच्यावर विश्वास बसलेला असतो. बाकी तत्त्वज्ञान सगळं फुकट." त्या वाक्यावर माझा संसार पंचवीस वर्षं चालला आहे. बायको त्याला आळस म्हणते, ती गोष्ट वेगळी.

तेच मामा गेल्या वर्षी, एकसष्टी झाल्यावर, लग्नाला उभे राहिले. वधू म्हणजे परळच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर. बस्त्याला मामांनी धीर द्यायला मला नेलं. सिस्टरनी समोर आलेली पहिलीच साडी उचलली आणि 'ही चालेल' म्हणाल्या. मामा पांढरेफटक पडले. साडीची घाई करणारीला लग्नही एकदाचं उरकायचं असतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जावईबापू, दया येऊन तर हो म्हणाली नसेल ना?" आणि उत्तराची वाट न बघता 'अजून दाखवा, अजून दाखवा' करत त्यांनी साड्यांचा डोंगर रचायला लावला.

"बघा तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "तीस वर्षं लोकांच्या उशाशी जागले, मी टेकते जरा."

पुढे कितव्या तरी साडीला सेल्समनने 'ताई, हा रंग बघा' म्हटलं, तर उत्तर नाही. सिस्टर भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं टाकून, गाढ झोपल्या होत्या.

आता मामा सिद्धान्त मांडतील म्हणून मी सावरून बसलो. त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं, ती पहिली साडी मांडीवर ओढून घेतली आणि कोपऱ्यातला पंखा हळूच सिस्टरकडे वळवला. दुपारचं गिऱ्हाईक वाढलं, जागा हवी म्हणून मालक दोनदा येऊन घुटमळला. मामा हलले नाहीत.